सिम्युलेशन आणि मोजमाप जुळत नाही तेव्हा

एम.ई.च्या दुसऱ्या वर्षाला मी २.४५ गिगाहर्ट्झचा साधा पॅच अँटेना केला, म्हणजे सर्किट बोर्डावरचा तांब्याचा आयताकृती तुकडा. १.६ मिलिमीटर जाडीचा एफआर-फोर बोर्ड, तांब्याचा पॅच साधारण २९ बाय ३७ मिलिमीटर. एस-वन-वन म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या सिग्नलचं प्रमाण; त्याच्या आलेखात खड्डा पडतो ती अँटेनाची फ्रीक्वेन्सी. सिम्युलेशनमध्ये हा खड्डा बरोबर २.४५ वर आला. भोसरीहून बोर्ड करून आणला, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून एसएमए कनेक्टर घेतला, सोल्डर केला आणि एस-वन-वन मोजणाऱ्या यंत्राला, व्हीएनएला, जोडला. खड्डा २.५१ वर! ६० मेगाहर्ट्झ ऐकायला किरकोळ वाटतात, पण एवढ्या पातळ पॅचची बँडविड्थच जेमतेम तेवढी असते.

पुढचे तीन आठवडे मी मेश, म्हणजे सॉफ्टवेअर हिशेबासाठी मॉडेलचे जे छोटे तुकडे पाडतं ते, बारीक करत बसले. मेश महत्त्वाचा असतो हे खरं. सॉल्व्हर, म्हणजे हिशेब करणारा प्रोग्रॅम, 'झालं' म्हणाला तरी आणखी दोन फेऱ्या चालवून खड्डा सरकत नाही ना हे बघावंच. शिवाय सिम्युलेशनमध्ये अँटेनाभोवती धरलेल्या हवेच्या डब्याची भिंत अँटेनापासून निदान पाव तरंगलांबी लांब हवी, म्हणजे २.४५ ला ३१ मिलिमीटर. पण माझं दुखणं तिथे नव्हतंच.

सिम्युलेशनमध्ये बोर्डाचा एप्सिलॉन, म्हणजे परावैद्युतांक, ४.४ धरला होता. लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्या एका ताईनं स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "हा ४.४ कुणी मोजला?"

"ताई, सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत आहे तो."

"लायब्ररीतल्या एफआर-फोरचा. तुझ्या हातातल्याचा नाही."

एफआर-फोर म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी. दोन्हींचं प्रमाण उत्पादकागणिक बदलतं आणि त्यासोबत एप्सिलॉनही, ४.२ ते ४.६ च्या आसपास. डेटाशीटवरचा आकडा अनेकदा १ मेगाहर्ट्झला मोजलेला असतो, तो गिगाहर्ट्झला तसाच धरून चालत नाही. फ्रीक्वेन्सी एप्सिलॉनच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जाते. म्हणून उलटा हिशेब केला: ४.४ गुणिले (२.४५ भागिले २.५१) चा वर्ग, उत्तर ४.१९.

इथे थांबू नका. एकाच मोजमापावरून काढलेल्या एप्सिलॉनमध्ये तुमच्या बाकीच्या सगळ्या चुका मुकाट्यानं मुरलेल्या असतात. म्हणून ताईनं आधी व्हर्नियर हातात दिला. पॅचची लांबी ०.१ मिलिमीटरनं चुकली, तर खड्डा ८ मेगाहर्ट्झच्या आसपास सरकतो, आणि एचिंगमध्ये एवढा फरक सहज पडतो. माझी लांबी ठीक निघाली. मग त्याच शीटमधून वेगळ्या मापाचा दुसरा पॅच काढला. ४.१९ धरून त्याचा खड्डा कुठे यायला हवा हे आधी वहीत लिहिलं आणि मगच मोजला. अंदाज जमला, तेव्हा त्या आकड्यावर विश्वास ठेवला. आधी लिहायचं आणि मग मोजायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. मोजल्यानंतर सिम्युलेशनला हवं तसं वळवता येतं, आणि आपण तसं केलं हे आपल्यालाही कळत नाही.

व्हीएनएचं कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला, नेमकं जिथे अँटेना जोडणार तिथेच करायचं. पण तिथपासून बोर्डापर्यंतचा कनेक्टर सिम्युलेशनमध्ये असतो का? माझ्यात नव्हता. डेसिबेलच्या आलेखात त्याचा परिणाम फारसा दिसत नाही. इम्पीडन्स दाखवणारा गोल आलेख, म्हणजे स्मिथ चार्ट, उघडला की वळसा फिरलेला दिसतो. अँटेनाचा इम्पीडन्स जुळवायला मॅचिंगचे कॉइल-कपॅसिटर निवडायचे असतील, तर हा फरक घातक ठरतो.

नोकरीत आल्यावर वेगळाच प्रकार भेटला. ८६६ मेगाहर्ट्झचा छोटा अँटेना, बोर्ड ४० मिलिमीटरचा, तरंगलांबी मात्र ३४६. मोजमाप रोज वेगळं येई. एकदा सहज केबल मुठीत धरली आणि स्क्रीनवरचा खड्डा डोळ्यांदेखत सरकला. मूठ सोडली, तो परत जागेवर! एवढ्या छोट्या बोर्डाला ग्राउंड अपुरं पडतं, आणि करंट केबलच्या बाहेरच्या आवरणावर उतरतो. मग केबलच अँटेनाचा भाग होते. कनेक्टरला लागून फेराइटचे मणी ओवल्यावर बराच फरक पडला. त्याहून उपयोगी पडलं ते केबलसकट सिम्युलेशन करणं: आधी केबल धरून दोन्ही आलेख जुळवायचे, मग सिम्युलेशनमधली केबल काढून खरा अँटेना बघायचा. मूठ धरून बघायला पाच सेकंद लागतात, दर वेळी बघा.

आणि एस-वन-वन जुळला म्हणजे अँटेना जुळला असं समजू नका. ५० ओहमचा लोड जोडलात तर एस-वन-वन सुंदर येतो, पण त्यातून काही बाहेर पडत नाही. एफआर-फोरचा लॉस टॅन्जंट, म्हणजे पदार्थ किती ऊर्जा जिरवतो त्याचं माप, ०.०२ च्या घरात, म्हणजे बरीच पॉवर बोर्डातच जिरते आणि खड्डा उलट रुंद, छान दिसतो. म्हणून गेन, म्हणजे अँटेना एका दिशेला किती जोरात सिग्नल फेकतो ते, मोजायलाच हवा. त्यासाठी दोन अँटेनांमधलं किमान अंतर व्यासाच्या वर्गाच्या दुप्पट भागिले तरंगलांबी. १० सेंटिमीटरच्या बोर्डाला २.४५ वर ते १६ सेंटिमीटरच येतं, तरी मी मीटर-दोन मीटर ठेवते. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची ४५ मीटरची डिश पाहिली, तेव्हा हेच सूत्र वहीत मांडून बघितलं: १४२० मेगाहर्ट्झला १९ किलोमीटर! म्हणून तिथे आकाशातल्या तेजस्वी रेडिओ स्रोतांवर डिश रोखून तपासणी करतात.

आपल्याला गच्ची पुरते. फक्त पाण्याची टाकी, पत्रा आणि लोखंडी कठडा यांपासून लांब उभे राहा, आणि अंतर दहा-दहा सेंटिमीटरनं बदलत चार-पाच वेळा मोजा. आकडा वरखाली झुलत असेल, तर कुठून तरी परावर्तन येतंय. जागा बदला.