हीटर काढायचाय? मग पहिला बोल्ट सोडायच्या आधी एवढं जमवून ठेवा

ट्रॅकसाठी गाडी हलकी करायला घेतली की मागची सीट, कार्पेट, स्पीकर हे सगळं एका दुपारी निघतं, मग डॅशच्या मागे तो भलामोठा काळा प्लास्टिकचा डबा दिसायला लागतो आणि हात आपसूक तिकडे वळतो, हे ओझं कशाला वागवायचं म्हणून. काढायला हरकत काहीच नाही, मी दोन गाड्यांमधून काढलाय. पण हीटर म्हणजे नुसती गरम हवा नव्हे. तो पुढची काच साफ ठेवतो, काही इंजिनांत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) फिरतं ठेवतो, आत ताजी हवा आणतो आणि फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला, पडलेलं भोकही तोच झाकून बसलेला असतो. यातलं प्रत्येक काम उद्यापासून कोण करणार याचं उत्तर आधी हातात पाहिजे, म्हणून ही तयारी. डबा काढणं ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट.

पहिलं काम पान्याचं नाहीच, बसून ठरवायचं आहे. गाडी फक्त ट्रॅकवर जाणार की अधूनमधून रस्त्यावरही? रस्त्यावर जाणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे, काढू नका. काच साफ ठेवणारी यंत्रणा गाडीत असलीच पाहिजे असा नियम बऱ्याच देशांत आहे, अमेरिकेत तर त्यासाठी फेडरल सेफ्टी स्टँडर्ड १०३ असं वेगळं मानकच आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी पावसात काच आतून पांढरी झाली की एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने फडकं हे फार वेळ चालत नाही. रेसिंगसाठी असेल तर तुमच्या क्लासचं नियमपुस्तक आधी वाचा, काही क्लासमध्ये हीटर काढायला परवानगी असते, काहींत मूळ जागेवर ठेवावाच लागतो, आणि हे स्क्रूटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधी गाडी तपासण्याच्या, दिवशी कळलं तर तोंड बघण्यासारखं होतं. आणि कोर, म्हणजे डब्यातला गरम पाण्याचा छोटा रेडिएटर, गळतोय, कार्पेट ओलं होतंय, आत गोडसर वास येतोय एवढ्यासाठीच काढत असाल तर सगळा डॅश उपसू नका, बोनेटखाली दोन होज वळवून कोर बाजूला काढता येतो, डबा आहे तिथेच राहू दे, ब्लोअर तरी चालेल.

ठरलं असेल तर आता इंजिन थंड असताना बोनेट उघडा आणि कागदावर होजचं चित्र काढा. फायरवॉलमधून दोन नळ्या बाहेर येतात, त्या कुठून निघतात आणि कुठे जातात ते बोटाने चाचपत शोधा, वर्कशॉप मॅन्युअलमधला कूलंटचा नकाशाही समोर असू दे. हे कंटाळवाणं आहे पण इथेच लोक फसतात. काही गाड्यांत टर्बोचं पाणी, ऑइल कूलर किंवा थ्रॉटल बॉडी गरम ठेवणारी नळी याच हीटरच्या लाइनवर बसवलेली असते, तुम्ही होज कापला की तेही बंद पडतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे थर्मोस्टॅट, पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वाल्व्ह. तो जर पंपाच्या इनलेटच्या बाजूला असेल, सुबारूच्या ईजे इंजिनांसारखा, तर हीटरकडून परत येणारं गरम पाणीच त्याला सांगतं की बाबा इंजिन तापलंय, उघड आता. अशा इंजिनाच्या दोन्ही नळ्या ठोकून बंद केल्या तर थर्मोस्टॅटला बातमी उशिरा लागते, तोपर्यंत हेड तापलेलं असतं, मग एकदम उघडतो आणि रेडिएटरमधलं थंडगार पाणी आत घुसतं. टेम्परेचरचा काटा वरखाली नाचायला लागला की समजायचं.

म्हणजे अशा ठिकाणी दोन नळ्या एकमेकींना जोडून लूप करायचा. पण लूपचीही एक खोड आहे. कोरच्या आत बारीक बारीक नळ्या असतात, त्यामुळे पाणी तिथून सावकाश जातं, त्याऐवजी तुम्ही जाडजूड मोकळा होज लावला की पाण्याला रेडिएटर टाळून पंपाकडे परतायची सोपी वाट मिळते आणि ट्रॅकवर दोन-चार लॅप झाले की टेम्परेचर चढतं. म्हणून होजच्या आत मधे भोक असलेली एक धातूची चकती बसवतात, रिस्ट्रिक्टर. भोक किती मोठं हे इंजिनावर अवलंबून, तेच इंजिन चालवणाऱ्या माणसाला विचारा, अंदाजाने करू नका. आणि ज्या इंजिनात बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी फिरायची, वाट आतूनच वेगळी आहे तिथे दोन्ही तोंडं बंद केली तरी चालतं. पण बंद करायची तर धातूचा प्लग, नाहीतर इंजिनाच्या पाण्यासाठी बनवलेली जाड सिलिकॉनची टोपी आणि त्यावर क्लॅम्प. मी एकदा हाताशी होती ती साधी रबरी टोपी लावली, काही महिने बरी चालली आणि मग तिला चीर गेली. गंमत म्हणजे टेम्परेचरचा काटा वर जायच्या ऐवजी खाली आला, कारण सेन्सरभोवती पाणीच उरलं नव्हतं! मी आपला खूश, गाडी थंड चाललीय म्हणून. वाफ दिसली तेव्हा अक्कल आली.

सामान आणताना हे सगळं लक्षात ठेवून आणा. योग्य मापाचा, शक्यतो आधीच यू वळणाचा होज (सरळ होज वाकवला की मधेच दुमडतो), नवे क्लॅम्प, नवं कूलंट, पाणी घालायचं तर डिस्टिल्ड, आणि जुनं कूलंट धरायला पसरट मोठं भांडं, कारण ड्रेन केल्यावरही कोरमध्ये थोडं राहतंच आणि ते नेमकं तुमच्या मांडीवर सांडतं. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलं घरात असतील तर भांडं उघडं ठेवून चहा प्यायला जाऊ नका. गटारात तर मुळीच ओतू नका. बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकॉल चालतच नाही, सांडलं की ते निसरडं होतं आणि सहज वाळत नाही, तिथे साधं पाणी आणि गंज न चढू देणारं अॅडिटिव्ह घालतात. मग थंडीत उभ्या गाडीतलं पाणी गोठणार नाही ना ते तुम्ही बघायचं.

गाडीला एसी असेल तर थांबा. हीटरचा कोर आणि एसीचा इव्हॅपोरेटर (हवा थंड करणारी जाळी) बहुतेक गाड्यांत एकाच डब्यात शेजारी शेजारी बसतात, म्हणजे डबा बाहेर काढायचा तर एसीची लाइन उघडावीच लागते. गॅस आधी मशीनवाल्याकडून काढून घ्या, ही अपॉइंटमेंट यादीत सगळ्यात वर लिहा. पाना लावून फुस्स करून सोडून द्यायचं नाही, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे आणि आर-१३४ए हा एसीचा गॅस उणे २६ अंशाला उकळतो, हातावर आला तर कातडी जागेवर गोठते. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ तर थोडाफार पेटूही शकतो. कॉम्प्रेसरही काढणार असाल तर बेल्ट कुठून फिरणार ते आधी मोजा, लहान बेल्ट किंवा नुसती पुली लागेल. आणि रेडिएटरचा फॅन एसीच्या प्रेशर स्विचवर तर अवलंबून नाही ना ते वायरिंगच्या नकाशात बघून घ्या, काही गाड्यांत फॅनचा मोठा स्पीड तिथूनच लागतो.

हत्यारांचं फार सांगत नाही. ८, १० आणि १२ किंवा १३ चे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, वाकडं वळणारं जॉइंट, क्लिपा उचकटायला प्लास्टिकची पट्टी, होज चिमटायला क्लॅम्प, डोक्याला लावायचा टॉर्च. १० चे दोन ठेवा, एक हरवणारच आहे. झिपच्या पिशव्या आणि मार्कर मात्र विसरू नका, प्रत्येक पिशवीवर स्क्रू कुठला ते लिहायचं, आणि प्रत्येक पायरीला फोटो, आधी लांबून मग जवळून. नुसता जवळून काढलेला फोटो महिन्याने बघितला की तो गाडीचा कुठला कोपरा आहे तेच कळत नाही.

डॅश उतरवायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा, एअरबॅगच्या सर्किटमध्ये चार्ज साठलेला असतो. पिवळे कनेक्टर दिसले की ते एअरबॅगचे, त्यांना मीटर लावून चाळवू नका. काढलेली एअरबॅग उशीची बाजू वर करून ठेवायची. चाकं सरळ ठेवूनच स्टिअरिंग काढा आणि मधली ती गोल रिबनवाली गोष्ट, क्लॉक स्प्रिंग, टेप लावून आहे तशी धरून ठेवा, फिरली की तुटली. डॅशच्या आत एका बाजूच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत एक लोखंडी बीम जातो, स्टिअरिंग कॉलम त्यालाच लटकलेला असतो. डबा निघत नाही म्हणून त्याला ग्राइंडर लावणारे मी पाहिलेत. तो बीम कापायचा नाही, बोल्ट सोडून पुढे ओढायचा.

वायरिंगला हात लावताना घाई नको. ब्लोअर हा गाडीतला मोठा करंट खाणारा प्राणी आहे, त्याचा फ्यूज काढून टाका, वायर मुळापर्यंत मागे न्या नाहीतर टोक नीट बंद करून बांधा, मोकळी लोंबकळत ठेवू नका. जुन्या गाड्यांत हीटरचे फ्लॅप व्हॅक्यूमवर चालतात, इंटेक मॅनिफोल्डवरून एक बारीक नळी आत गेलेली असते, ती उघडी राहिली की आयडलिंग बिघडतं आणि माणूस आठवडाभर इंजेक्टर साफ करत बसतो. छोटी टोपी, एवढाच इलाज.

आता भोकं. डबा गेला की फायरवॉलला नळ्यांची भोकं, ड्रेनचं भोक, एसीच्या लाइनचं भोक आणि वायपरखालच्या काउलमध्ये ब्लोअर हवा ओढायचा ते मोठं भगदाड असं सगळं उघडं पडतं. इंजिनाला आग लागली तर ज्वाळा आणि गरम तेल आत येऊ नये म्हणूनच ती फायरवॉल आहे, त्यामुळे फोम, टेप, प्लायवूड असलं काही चालणार नाही. अॅल्युमिनियम किंवा स्टीलची प्लेट, रिव्हेट आणि कडेने उष्णता सोसणारा सीलंट. पुठ्ठ्याचे नमुने डबा काढायच्या आधी नाही करता येत, पण पत्रा, रिव्हेट आणि ड्रिलची बिटं तर आणून ठेवता येतात. काउलचं भगदाड बंद केलं नाही तर पहिल्याच पावसात पाणी थेट पायावर, आणि बंद करताना काउलचा स्वतःचा निचरा बुजवला तर पाणी तिथेच साठून पत्रा गंजतो. खूप जुन्या गाडीत फायरवॉलच्या आतल्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, शंका असेल तर खरवडू नका.

मग काच. लोक म्हणतात लाइटरच्या सॉकेटला लावायचा छोटा हीटर आणू, होईल काम. गणित करा की, १२ व्होल्टवर १५० वॉट म्हणजे साडेबारा अँपिअर, त्या सॉकेटचा फ्यूज तेवढ्यातच संपतो, आणि हीटरचा कोर देत होता काही किलोवॉट. १५० वॉटमध्ये फार तर नाक गरम होईल. खरा उपाय म्हणजे आत तारा असलेली गरम होणारी काच, फोर्डने १९८५ पासून युरोपातल्या काही गाड्यांत दिली तशी, तुमच्या मॉडेलला मिळत असेल तर सोनं, फक्त तिला वेगळा रिले, जाड वायर आणि अल्टरनेटरमध्ये तेवढी ताकद हवी. ती नसेल तर काचेच्या बुडाशी हवा मारणारा छोटा ब्लोअर आणि बाहेरची कोरडी हवा आत आणणारं डक्ट. डक्ट तसंही लागतंच, कारण हीटरसोबत ताज्या हवेची वाटही गेली, आणि हेल्मेट घालून बंद गाडीत घामाघूम बसलात की तुमच्याच श्वासाने काच भरते. काचेच्या आतून लावायचा अँटी-फॉग आदल्या रात्री लावा, सकाळी घाईत लावला तर उन्हात ओघळ दिसतात.

गाडी जुनी एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटल असेल तर वरचं निम्मं विसरा. तिथे पाणीच नाही, एक्झॉस्टभोवतीचे हीट एक्सचेंजर हवा तापवतात. ते काढून जे-पाइप, म्हणजे साध्या एक्झॉस्ट नळ्या, लावतात, पण मग फॅनच्या श्राउडची (आवरणाची) दोन तोंडं बंद करायला विसरायचं नाही, नाहीतर सिलिंडरची थंड हवा तिथून पळते. आणि दाराखालची हीटरची पोकळ पट्टी ही बॉडीची ताकद आहे, तिला करवत लावू नका. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिडमध्ये नारिंगी केबल दिसली की हात मागे, तो हाय व्होल्टेज हीटर आहे आणि हे काम शिकलेल्या माणसाचं.

शेवटचा अर्धा दिवस पाणी भरायला मोकळा ठेवा. हीटरची लाइन पुष्कळ गाड्यांत सगळ्यात उंच असते आणि हवा काढायचा स्क्रू तिच्यावरच असतो, ती काढली म्हणजे हवा अडकायची जागा बदलली. गाडीचं नाक वर करा, फनेल लावून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा, फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत. दोन-तीन वेळा गाडी तापून गार झाली की क्लॅम्प पुन्हा आवळा, रात्री खाली कोरा पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी त्यावर डाग दिसला तर कुठला होज ते लगेच कळतं. काढलेला डबा वजनकाट्यावर ठेवून आकडा वहीत लिहा, नळ्यांची तोंडं टेपने बंद करा आणि पिशव्या त्यातच टाकून ठेवा. माझा पहिला डबा अजून कपाटावर आहे, गाडी विकायची वेळ आली तेव्हा घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारला की हीटर कुठंय.