हातचा नसलेली गणितं: हायस्कूलच्या मुलांना बहुपदींवरील क्रिया कशा शिकवाव्यात

फळ्यावर ३क्ष² + २क्ष लिहून 'सोपं रूप द्या' म्हटलं की वर्गातून एक उत्तर हमखास येतं: ५क्ष³. हे उत्तर देणारं मूल झोपलेलं नसतं. त्यानं ३ आणि २ मिळवले आहेत, घातांकही मिळवले आहेत, म्हणजे आठवतं ते सगळं इमानदारीनं केलं आहे. आपण काय करायचं ते सांगितलं, पण कशाची बेरीज होते आणि कशाची होत नाही हे त्याच्या हाती लागलेलं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्यासाठी आहेत.

सुरुवातीला पाच मिनिटांची चाचपणी

धडा उघडण्याआधी चार गणितं द्या आणि कुणाला गुण देऊ नका: −३ − ५, −(४ − ७), ५ − २(३ − ४), आणि क्ष² × क्ष³. तिसऱ्याचं उत्तर ७ आहे. बरीच मुलं आधी ५ मधून २ वजा करतात आणि −३ वर पोचतात. ही चूक बहुपदींची नाही, पण बहुपदींच्या वजाबाकीत ती नक्की उगवेल. निम्मा वर्ग इथे अडखळला, तर एक तास चिन्हांवर आणि कंसांवर खर्च करा. तो तास पुढे वाचतो.

पायरी १: ३४२ पासून सुरू करा

बहुपदी ही नवी वस्तू आहे असं मुलांना वाटू देऊ नका. ती लहानपणापासून बहुपदीच लिहीत आली आहेत. ३४२ म्हणजे ३ × १०² + ४ × १० + २. आता १० पुसा आणि तिथे क्ष लिहा: ३क्ष² + ४क्ष + २. शतक, दशक, एकक यांच्या जागी क्ष²चं घर, क्षचं घर आणि सुट्या संख्येचं घर.

मग ३४२ + २१५ आणि (३क्ष² + ४क्ष + २) + (२क्ष² + क्ष + ५) ही दोन गणितं शेजारी शेजारी उभ्या मांडणीत करायला लावा. एकीकडे ५५७, दुसरीकडे ५क्ष² + ५क्ष + ७. मुलं गालात हसतात, कारण आकडे तेच.

लगेच दुसरी जोडी द्या: ३४२ + २८९. संख्यांत ६३१ येतात, बहुपदीत ५क्ष² + १२क्ष + ११. आकडे का बदलले? इथे घाई करू नका, वर्गाला भांडू द्या. कुणीतरी म्हणेल, 'हातचा घेतला नाही.' का नाही घेतला? कारण दहा एककांचा एक दशक होतो हे आपल्याला माहीत असतं, पण किती सुट्यांचा एक क्ष होतो हे कुणी सांगितलेलंच नाही. बहुपदींचं गणित म्हणजे हातचा नसलेलं गणित. क्षच्या जागी १० ठेवून ५०० + १२० + ११ केलं की ६३१ परत मिळतात, आणि याच युक्तीनं पुढे प्रत्येक उत्तर तपासता येतं.

पायरी २: शब्द थोडे, पण पक्के

पद, सहगुणक (अक्षराआधीची संख्या), चल (क्षसारखं अक्षर), घातांक, कोटी (बहुपदीतला सगळ्यात मोठा घातांक). एवढे पाच शब्द पुरे. एकपदी, द्विपदी, त्रिपदी ही नावं बोलता बोलता येतात, त्यांच्या व्याख्या पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगा. एक, चिन्ह हे त्याच्या उजवीकडच्या पदाचं असतं. ४क्ष² − ७क्ष + १ मध्ये प्रत्येक चिन्हाच्या आधी पेन्सिलनं उभी रेघ मारायला लावा. तुकडे पडतात ४क्ष², −७क्ष आणि +१. दोन, नुसत्या क्षचा सहगुणक १ आहे आणि −क्षचा −१. न लिहिलेला १ म्हणजे काहीच नाही, असं धरून चालणारी मुलं वर्गात असतातच.

पायरी ३: सजातीय पदं, आणि फळांचा मोह टाळा

'क्ष म्हणजे आंबा, य म्हणजे केळं, आंब्यात केळी मिळवता येत नाहीत' हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे. मी ते वापरत नाही. बेरजेपुरतं ते चालतं, पण गुणाकार आला की आंबा गुणिले आंबा म्हणजे काय, या प्रश्नाला उत्तर नसतं. शिवाय अक्षर म्हणजे वस्तू असा ग्रह होतो. ते संख्येसाठी उभं आहे हे मागे पडतं.

त्यापेक्षा पुठ्ठ्याचे तुकडे कापा. छोटा चौरस २ सेंमी बाजूचा, तो १. पट्टी २ सेंमी रुंद आणि ९.३ सेंमी लांब, ती क्ष. मोठा चौरस ९.३ सेंमी बाजूचा, तो क्ष². लांबी मुद्दाम अशी वेडीवाकडी घ्यायची. पट्टी बरोबर १० सेंमीची केली, तर मुलं छोटे चौरस तिच्यावर मांडून 'क्ष म्हणजे ५' असं जाहीर करतात. तुकड्यांची मागची बाजू लाल रंगवा, ती उणे. एक साधा आणि एक लाल तुकडा मिळून शून्य. मोठा चौरस आणि पट्टी हातात धरल्यावर 'या दोघांचं मिळून एक काय होईल?' असा प्रश्न विचारा. उत्तर द्यावं लागत नाही.

घन पदं आली की हे तुकडे कपाटात ठेवा. सपाट पुठ्ठ्यावर क्ष³ दाखवण्याची कसरत करू नये.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या बीजगणितात अज्ञात राशींसाठी या, का, नी अशी अक्षरं वापरली, म्हणजे यावत्तावत्, कालक, नीलक. सुट्या संख्येला रू, म्हणजे रूप, आणि ऋण राशीच्या डोक्यावर टिंब. एकाच जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी होते, वेगळ्या जातीच्या राशी वेगळ्या मांडून ठेवायच्या, असा नियमही त्यांनी दिला आहे. 'सजातीय' या शब्दातली जात हीच: अक्षर तेच आणि त्याचा घातांकही तोच असलेली पदं. दोन मिनिटांत सांगून होतं, आणि मुलांना तो शब्द परका वाटत नाही.

आता सुरुवातीच्या ५क्ष³ कडे परत या. ते चूक आहे असं तुम्ही सांगू नका, क्षला किंमत देऊन मुलांनाच बघू द्या. पण कोणती किंमत द्यायची यात मेख आहे. क्ष = १ घेतलं तर ३ + २ = ५ आणि ५ × १ = ५, म्हणजे चुकीचं उत्तरही बरोबर ठरतं! मी स्वतः एकदा फळ्यावर सोपं म्हणून १ ठेवला आणि तोंडावर पडलो. शून्यही असाच फसवा. २ सुद्धा नको, कारण क्ष² आणि २क्ष तिथे सारखेच, दोन्ही ४. तपासणीसाठी ३ किंवा १० घ्या. क्ष = १० ठेवलं की ३क्ष² + २क्ष होतात ३२० आणि ५क्ष³ होतात ५०००. वाद मिटला. एका किमतीला दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे उत्तर सिद्ध झालं असं नाही, हेही याच वेळी सांगून टाका. न जुळल्या तर मात्र चूक नक्की.

पायरी ४: वजाबाकी

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. हे गणित घ्या:

(५क्ष² − ३क्ष + ४) − (२क्ष² − ७क्ष + ९)

नेहमीचं चुकीचं उत्तर ३क्ष² − १०क्ष + १३. कंसाबाहेरचं उणे चिन्ह फक्त पहिल्या पदाला लागलं आणि बाकीची पदं सुटली. 'चिन्हं बदला' ही सूचना दहा वेळा देण्यापेक्षा एक सवय लावा: कंसाबाहेर −१ लिहायचा आणि त्यानं आतल्या प्रत्येक पदाला गुणायचं. −१ × २क्ष², −१ × (−७क्ष), −१ × ९. मग नवी ओळ लिहायची:

५क्ष² − ३क्ष + ४ − २क्ष² + ७क्ष − ९ = ३क्ष² + ४क्ष − ५

ही मधली ओळ गाळण्याची परवानगी पहिला आठवडाभर कुणालाही देऊ नका, हुशार मुलांना तर अजिबात नाही. घाईत तीच जास्त चुकतात. तपासणी क्ष = १० ठेवून: ४७४ − १३९ = ३३५, आणि ३०० + ४० − ५ = ३३५. चुकीच्या उत्तरातून येतात २१३.

शब्दांतल्या गणितात आणखी एक सापळा असतो. '२क्ष + ३ ही राशी क्ष² + १ मधून वजा करा' असं वाक्य आलं की मुलं दिसेल त्या क्रमानं लिहितात. 'मधून' या शब्दाखाली रेघ मारायला शिकवा: ज्याच्यातून काढायचं ते आधी लिहायचं.

पायरी ५: गुणाकार चौकटीत

आधी घातांक. क्ष² × क्ष³ हे क्ष·क्ष × क्ष·क्ष·क्ष असं उलगडून एकदा मोजायला लावा. पाच क्ष दिसले की नियम पाठ करावा लागत नाही.

मग २३ × १४. तो (२० + ३)(१० + ४) असा फोडून चौकटीत मांडा: २००, ८०, ३०, १२, एकूण ३२२. आता त्याच चौकटीत (२क्ष + ३)(क्ष + ४):

| × | क्ष | +४ |
|---|---|---|
| २क्ष | २क्ष² | ८क्ष |
| +३ | ३क्ष | १२ |

उत्तर २क्ष² + ११क्ष + १२. क्ष = १० ठेवलं की पुन्हा ३२२.

'पहिलं, बाहेरचं, आतलं, शेवटचं' ही चार शब्दांची युक्ती बरेच जण शिकवतात. द्विपदी गुणिले द्विपदी एवढ्यापुरती ती ठीक आहे, पण त्रिपदी आली की मुलं विचारतात, 'आता आतलं कोणतं?' चौकट कुठेच अडत नाही. (२क्ष + ३)(क्ष² − क्ष + ४) साठी दोन ओळी आणि तीन स्तंभ, म्हणजे सहा घरं. सहा पदं आली नाहीत तर काहीतरी सुटलं, ही मोजणी हातासरशी होते. दोन्ही बहुपदी उतरत्या घातांकांनी, एकही घातांक न गाळता लिहिल्या असतील, तर सजातीय पदं तिरक्या रेषेत येतात. उत्तर २क्ष³ + क्ष² + ५क्ष + १२, आणि २३ × ९४ = २१६२ शी ते जुळतं.

(क्ष + ३)² = क्ष² + ९ या चुकीसाठीही चौकटच काढा. चार घरांपैकी दोन रिकामी राहिलेली डोळ्यांना दिसतात, तीच हरवलेली ३क्ष आणि ३क्ष. ज्यांना आकडे पटतात त्यांना विचारा, १३ चा वर्ग १०९ आहे का? विस्तार सूत्र यानंतर द्या, आधी नाही.

पायरी ६: भागाकार

इथे मुलं घाबरतात, कारण मांडणी लांबलचक दिसते. पण क्रिया त्याच चार: भागा, गुणा, वजा करा, पुढचं पद खाली उतरवा. उदाहरण घ्या, (क्ष³ − ७क्ष + १०) ÷ (क्ष − २).

भाज्यात क्ष²चं पद नाही. ३०५ मध्ये दशक नाहीत म्हणून आपण ३५ लिहीत नाही, जागा राखायला शून्य ठेवतो. तसंच इथे क्ष³ + ०क्ष² − ७क्ष + १० लिहायचं. मग:

१. क्ष³ ला क्षनं भागा: क्ष². क्ष²(क्ष − २) = क्ष³ − २क्ष². वजा केल्यावर उरले २क्ष². −७क्ष खाली उतरवा.

२. २क्ष² ला क्षनं भागा: २क्ष. २क्ष(क्ष − २) = २क्ष² − ४क्ष. वजा केल्यावर −३क्ष. १० खाली उतरवा.

३. −३क्ष ला क्षनं भागा: −३. −३(क्ष − २) = −३क्ष + ६. वजा केल्यावर ४.

भागाकार क्ष² + २क्ष − ३, बाकी ४. बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा कमी झाली की थांबायचं. प्रत्येक फेरीत एक वजाबाकी आहे, म्हणून चौथी पायरी कच्ची असेल तर इथे तिप्पट चुका होतात. तपासणी: क्ष = १० ला भाज्य ९४०, आणि ८ × ११७ + ४ = ९४०.

संश्लेषक भागाकार यानंतरच शिकवा. सहगुणक १, ०, −७, १० ओळीत लिहायचे, डावीकडे २ घ्यायचा. पहिला १ तसाच खाली, मग प्रत्येक वेळी २ नं गुणून पुढच्यात मिळवायचं: १, २, −३, ४. तीन ओळींत काम झालं. मुलं विचारतात, 'हे आधी का नाही सांगितलं?' कारण भाजक क्ष² + १ असेल तर ही मांडणी चालत नाही, आणि लांब मांडणी केलेली नसेल तर वजाबाकीऐवजी बेरीज का करतो हे कळत नाही. भाजकातल्या −२ चा आपण २ केला, तेव्हाच चिन्ह उलटलं.

इथे एक गंमत दाखवा. मूळ बहुपदीत क्ष = २ ठेवा: ८ − १४ + १० = ४. हीच आपली बाकी. या नियमाची, म्हणजे शेषसिद्धांताची, व्याख्या फळ्यावर न लिहिता, आणखी दोन-तीन भागाकार देऊन मुलांनाच तो ओळखू द्या.

सराव कसा द्यावा

एकाच प्रकारची वीस गणितं देऊ नका. सहा द्या, चारही क्रिया मिसळून, त्यात दोन आधीच चुकीची सोडवलेली. 'चूक कुठल्या ओळीत आहे आणि ती करणाऱ्यानं काय विचार केला असेल?' हा प्रश्न नुसत्या उत्तरापेक्षा जास्त सांगून जातो. एखादं उलटं गणितही असू द्या: अशा दोन वर्ग बहुपदी (कोटी २) शोधा की त्यांची बेरीज रेषीय (कोटी १) येईल. क्ष² + ४क्ष आणि −क्ष² + १ अशी जोडी कुणीतरी आणतंच. त्यालाच पुढे विचारा, याच दोघींच्या गुणाकाराची कोटी किती? आणि कोणत्याही दोन वर्ग बहुपदी घेतल्या, तरी गुणाकाराची कोटी अशी घसरेल का?