नारळी पौर्णिमेआधीची अष्टमी चुकवू नका

खारेपाटातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) शेतकऱ्यांसाठी, श्रावण ते आश्विन

गेल्या काही वर्षांत धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना मी जेवढं भात खाऱ्या पाण्याने मेलेलं बघितलं, त्यातलं बरंचसं मोठ्या खांडीने (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला पडलेल्या भगदाडाने) नाही, चिंबोरीच्या म्हणजे खेकड्याच्या बिळाने गेलेलं होतं. मोठी खांड गेली की गाव धावतं, पंचनामा होतो, फोटो निघतात. अंगठ्याएवढ्या बिळासाठी कोणी धावत नाही. ते एका उधाणात मनगटाएवढं होतं, दुसऱ्यात मांडीएवढं, आणि तिसऱ्या उधाणाला आपण म्हणतो, "रात्रीत बांध फुटला." रात्रीत काही फुटत नाही.

म्हणून खत-औषधांचं नंतर. आधी पाण्याचं गणित.

चंद्र समुद्राला ओढतो, हे शाळेत शिकलो. मग चंद्र पार पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे असतो तेव्हाही भरती का येते? चंद्राकडच्या बाजूचं पाणी सगळ्यात जवळ, त्याला ओढ जास्त. पृथ्वी मध्ये, तिला त्याहून कमी. पलीकडचं पाणी सगळ्यात लांब, त्याला सगळ्यात कमी. त्यामुळे अलीकडे पाणी पुढे सरकून फुगतं आणि पलीकडे मागे राहून फुगतं. पृथ्वी फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून दिवसातून दोनदा भरती. तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला आणखी ५० मिनिटं लागतात, म्हणून आजची भरती उद्या साधारण ५० मिनिटं उशिरा.

सूर्यही ओढतो. तो लांब असल्याने त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच. पण अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात आणि जोर एकत्र होतो, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात, एक दुसऱ्याचा जोर खातो, तो भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीत साधारण मीटरभराचा फरक पडतो. बांधाचा वरचा मीटरभर पट्टा भांगात कोरडा उघडा पडतो, तो बघायची वेळ तीच.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, दशमीला साडेसातला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. कोळ्यांचा हा हिशोब मुंबई-अलिबागच्या तोंडाला अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतो. खाडीत जेवढं आत जाल तेवढा उशीर वाढतो. एक दिवस स्वतःच्या उघाडीपाशी (पाणी सोडायच्या बांधातल्या झडपेच्या दारापाशी) बसून तुमचा फरक किती ते बघा आणि खिळ्याने झडपेवर कोरून ठेवा.

आणि हे लक्षात ठेवा: सगळ्यात मोठं पाणी पौर्णिमेलाच येतं असं नाही, बऱ्याचदा प्रतिपदा-द्वितीयेला येतं. नारळ वाहिला, सण झाला, आता निवांत, असं म्हणणाऱ्याचं शेत मी दुसऱ्या दिवशी बघितलंय. चंद्र पृथ्वीच्या जवळ आलेला असेल तर पाणी आणखी चढतं. त्यात दोन दिवस पश्चिमेचा वारा लागून राहिला तर तक्त्यापेक्षा वीतभर जास्त धरून चाला. वितेचं माप माझं, कागदावरचं नाही. हवेचा दाब पडला की मात्र समुद्र खरोखरच वर येतो, १ मिलिबारला साधारण १ सेंटिमीटर. बातमीत "४.८ मीटरची भरती" ऐकून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. तो आकडा बंदराच्या शून्यापासून मोजलेला असतो, तुमच्या बांधापासून नाही. येत्या उधाणाला बांधाच्या बाहेर एक वासा रोवा आणि पाणी कुठवर आलं तिथे चुना लावा. तुमचा तक्ता तोच.

आतापासून कोजागरीपर्यंत पाच उधाणं आहेत: नारळी पौर्णिमा, पिठोरी, अनंत चतुर्दशीला लागून येणारी भाद्रपदी पौर्णिमा, सर्वपित्री आणि कोजागरी. प्रत्येकाच्या आधी एक भांग. ते बघा कधी येतात: श्रावणातली शुद्ध अष्टमी, गोकुळाष्टमी, गौरी घरात असताना, पितृपक्षातली अष्टमी, दुर्गाष्टमी. म्हणजे बांध उघडा पडतो तेव्हा आपण हंडीखाली नाहीतर गौरीच्या जेवणावळीत. सण करा, पण सकाळचे दोन तास ओहोटीला बांधावर द्या. पूर्वी जोळ निघायचा, घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा. आता सगळे खारलँडच्या (खारजमीन विकासाच्या सरकारी) कचेरीकडे बोट दाखवतात. १९७९ च्या कायद्याने सरकारी योजनेतल्या बांधांची जबाबदारी सरकारवर आली खरी, पण चिंबोरी अर्ज वाचत नाही.

बीळ कसं बुजवायचं: तोंडावर चिखलाचा गोळा थापून उपयोग नाही, पाणी तो आतून ढकलतं. खाडीच्या बाजूने बिळाच्या मागे मागे खणत जा, ते वळतं, खाली उतरतं, शेवट सापडेपर्यंत सोडू नका. मग चिकण गाळात पेंढा कालवून थर थर भरा आणि प्रत्येक थर पायाने तुडवा. दगड घालू नका, दगडाच्या कडेने पाणी वाट काढतं. माती बांधाच्या पायथ्याची काढू नका. ताजी माती उकरून काढलेली बिळं नेहमीपेक्षा वर दिसली तर मी त्या उधाणाला रात्री झोपत नाही. जुन्या माणसांचं हे म्हणणं मी मानतो.

बिळात ओतायला दुकानदार औषध देईल, घेऊ नका. ते पुढच्या ओहोटीला खाडीत जातं, मासळी मरते, बीळ तसंच राहतं.

उघाडीची झडप: बाटली, फांदी, गाळ काढा. मासळीसाठी झडपेत लाकूड अडकवून ठेवणारे प्रत्येक गावात दोघे-तिघे असतात आणि ते कोण हे सगळ्यांना माहीत असतं. लाकूड काढा, भांडण नंतर.

बाकी नेहमीची कामं:

– नत्र हेक्टरी १०० किलो, स्फुरद ५०, पालाश ५०
– नत्राचा दुसरा हप्ता ४० टक्के, युरिया ८७ किलो, फुटवे येताना
– तिसरा हप्ता २० टक्के, युरिया ४३ किलो, लोंबी पोटरीत येताना
– बेणणी (निंदणी) हप्त्याच्या आधी
– खोडकिड्याच्या टेहळणीला कामगंध सापळे, हेक्टरी ५
– शेत कोरडं पडू देऊ नका, खालचं मीठ वर येतं

खारं पाणी आत आलंच तर त्याच ओहोटीला उघाडी मोकळी करून काढा. मग पावसाचं पाणी कोंडा, एक-दोन दिवस ठेवा, पुन्हा ओहोटीला सोडा. असं दोन-तीनदा. तोवर युरिया टाकू नका. मी पाणी बोटाने जिभेला लावून बघतो. तुम्हाला आकडा हवा असेल तर मातीची विद्युत वाहकता तपासून घ्या: ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर भात मार खायला लागतं. पनवेल-१, २, ३ या खाऱ्या जमिनीच्या जाती थोडं जास्त सोसतात, पण फुलोऱ्यात त्याही हळव्या. आपला फुलोरा भाद्रपदात, आणि तेव्हा धुऊन काढायला पाऊस असेलच असं नाही.

याच वेळी "क्षार मारणारं" द्रावण आणि जिप्सम विकायला माणूस दारात येतो. मीठ मरत नसतं, वाहून जातं. आपल्या जमिनीत बहुतेक ठिकाणी साधं मीठ आहे, त्याला गोडं पाणी आणि निचरा लागतो. माती तपासून सामू ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त निघालं तरच जिप्समचा विचार. एक वर्ष मीही बाटल्या घेतल्या होत्या. त्या पैशात चार गडी दोन दिवस बांधावर लागले असते.

पावसाळ्यात दोन भरत्यांपैकी मोठी दुपारी येते, डोळ्यांदेखत. घटस्थापनेच्या सुमारास हे बदलू लागतं, आणि हिवाळ्यात मोठी भरती मध्यरात्री, ५ मीटरच्या आसपाससुद्धा. सर्वपित्री आणि कोजागरीला रात्रीची फेरी धरा. बॅटरी घ्या, पण बांधावर पोचलात की बंद करा आणि आतल्या बाजूने चाला. बीळ वाहत असेल तर आधी ऐकू येतं, मडक्यातून पाणी ओतल्यासारखं.