दुर्गम ठाण्यात रुजू होताय? या चुका टाळा

धडगाव असो, भामरागड असो की धारणी, नव्या फौजदाराची पहिली तक्रार ठरलेली: गाडी धड नाही, रस्ता नाही, रेंज नाही, माणसं अपुरी. सगळं खरं आहे. पण आरोपी सुटलेल्या केसेसचे कागद काढून वाचा. कितीतरी केसेस ठाण्यात पहिल्या दिवशी जे लिहिलं गेलं, त्यानेच गेलेल्या दिसतील.

दुभाष्या कोण, हे न विचारणं

या चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो. सातपुड्यातल्या एका पाड्यावर विधवा बाईला डाकीण ठरवून मारहाण झाली. बाई फक्त पावरी बोली बोलणारी. अंमलदाराने तिच्यासोबत आलेल्या तरुणालाच दुभाष्या केलं, कारण मराठी त्याला येत होतं. जबाब झाला: ‘बांधावरून किरकोळ शिवीगाळ व धक्काबुक्की’. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून बाईला परत पाठवलं.

कागद माझ्यासमोर आला तेव्हा डोक्याच्या टाक्यांचा आणि धक्काबुक्कीचा मेळ बसेना. आशाताईला शेजारी बसवून बाईला पुन्हा बोलतं केलं. ‘डाकीण’ हा शब्द तिच्या पहिल्याच वाक्यात होता. तो तरुण आरोपीचा चुलतभाऊ निघाला. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. नंतर गुन्हा नोंदवला, पण उलटतपासणीत वकिलांनी तो पहिला कागदच पुढे केला. आरोपी सुटले. बाईला त्याच पाड्यावर राहायचं होतं.

माझी पद्धत अशी: दुभाष्याचं नाव, गाव आणि दोन्ही बाजूंशी असलेलं नातं आधी विचारायचं, जबाबात लिहायचं. शिक्षक चालेल, अंगणवाडी सेविका चालेल, भावकीतला नको. कळीचे शब्द तिच्याच बोलीत लिहून पुढे मराठी अर्थ द्यायचा. ‘सदर इसमाने मजकूर फिर्यादीस’ असं कुठलीच बाई बोलत नाही, आणि न्यायाधीशांनाही ते कळतं. जबाबाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) परवानगी देते. घाई असली तरी करा. घाई असते तेव्हाच घोटाळे होतात.

साक्षीदार ‘नंतर बघू’ म्हणणं

दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. माणसं ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातेत जातात ती उन्हाळ्यात परततात. समन्स घेऊन गेलेला शिपाई कुलूप बघून येतो आणि अहवालात लिहितो, ‘मिळून आला नाही’. म्हणून जबाब घेताना मुकादमाचं नाव, त्याचा नंबर आणि कुठल्या कारखान्याचा ऊस, एवढं मी विचारतोच. साक्षीदार महत्त्वाचा असेल तर याच संहितेच्या कलम 183 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब करून घ्या, तोही टोळी निघायच्या आत.

बाकीच्या, थोडक्यात

‘आमची हद्द नाही’ म्हणून नदीपलीकडच्या माणसाला परत पाठवू नका. झिरो एफआयआर घ्या, म्हणजे हद्द कुठलीही असो, गुन्हा आधी आपल्याकडे नोंदवा. तो दिवसभर चालत आलेला असतो.

बाई, साठीपुढचा माणूस किंवा पंधराच्या आतला मुलगा साक्षीदार असेल तर ठाण्यात बोलावू नका. संहितेच्या कलम 179 प्रमाणे तुम्हीच घरी जायचं आहे.

दर पंचनाम्याला तेच दोन पंच नकोत.

‘गावात मिटलं’ हे ऐकून फाइल बंद करू नका. कोणी, किती दंड घेऊन मिटवलं ते विचारा.

झडतीचं रेकॉर्डिंग आता बंधनकारक आहे आणि पाड्यावर वीज असेलच असं नाही. पॉवर बँक भरून न्या.

सगळी भिस्त पोलीस पाटलावर ठेवू नका. माणूस चांगला असला तरी तो त्याच गावचा, त्याच भावकीतला असतो. प्रत्येक पाड्यावरचा आणखी एक नंबर जवळ ठेवा, दुकानदाराचा किंवा जीपवाल्याचा. आठवडी बाजाराला हे सगळे तालुक्याला येतात. त्या दिवशी ठाण्यात बसू नका, बाजारात फिरा.