करिअर बदलताय? आधी एक्सेल पक्कं करा
फील्ड बदलायचं म्हटलं की लोक एकदम चार कोर्स लावतात, तसं नका करू. आधी हव्या त्या जॉबच्या १०-१५ जाहिराती वाचा, कुठलं सॉफ्टवेअर सारखं मागतायत ते लिहून काढा. ऑफिसच्या कामाला बहुतेक वेळा एक्सेलच निघतं, मग पिव्हट टेबल (मोठ्या डेटाचा झटपट सारांश), एक्सलुकअप (दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला; एक्सेल २०१९ मध्ये तो नाही, तिथे त्याच कामाला इंडेक्स-मॅच) आणि पॉवर क्वेरी शिका, पॉवर क्वेरी तर खरंच सोनं आहे, दर महिन्याच्या फाइल्स एका फोल्डरमध्ये टाकायच्या आणि एकदा सेट केलं की नुसतं रिफ्रेश दाबून सगळ्या जोडून येतात. मग पॉवर बीआय डेस्कटॉप, म्हणजे डेटावरून चार्ट आणि रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, विंडोज लागतं फक्त. सराव मात्र जुन्या कामातल्याच प्रश्नावर करा, स्टॉक सांभाळला असेल तर स्टॉकचा रिपोर्ट, डेटा काल्पनिक घ्या, कंपनीचा नको. इंटरव्ह्यूत तोच उघडून दाखवा.