सुई न टोचता आरोग्यात काम : खान्देशातल्या पोरापोरींसाठी

एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला निघाले तेव्हा शिरपूरचे मामा म्हणाले, "मंग तू सुई टोचशी का?" नाही टोचत, मामा. गोवर याच पाड्यावर का पसरला, लस तिथवर पोहोचली का, पावसाळ्यात पोरं का वाळतात, हे शोधायचं. त्यासाठी एमबीबीएस लागतंच असं नाही. माझं बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, वर्गात बीएएमएसवाले होते, समाजकार्यवालेही होते.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते. मुंबईत देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था कुठल्याही शाखेच्या पदवीधराला एमपीएचसाठी घेते. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. अर्ज साधारण थंडीत निघतात, म्हणून शेवटच्या वर्षी डिसेंबरपासून लक्ष ठेवा. आकड्यांची गोडी असेल तर देवनारलाच आयआयपीएस ही लोकसंख्या विज्ञानाची संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम बघणारी. त्या सर्वेक्षणाचं आपल्या जिल्ह्याचं पत्रक फुकट मिळतं, ते आधी वाचून काढा. इंग्रजीला घाबरू नका; संख्याशास्त्राला थोडं घाबरलेलं बरं.

आता इंटर्नशिप. सगळ्यांना मुंबई-दिल्लीचं ऑफिस हवं असतं आणि तिथे पीपीटी सजवण्यात महिना जातो. माझं ऐकाल तर नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्यातलं धडगाव नाहीतर अक्कलकुवा गाठा. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे असतात, म्हणून कॉलेजचं पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे घ्या, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. ईमेलवर विसंबू नका. नंदुरबारला स्वतः जा, आवक नंबर टाकून घ्या. विद्यावेतनाची आशा धरू नका; राहायची सोय मात्र आधी विचारून ठेवा.

जून-जुलै बरा. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तेव्हा गेलात तर यादीत नाव आणि दाराला कुलूप. पावसात घाट त्रास देतो, पण कुपोषण आणि मलेरिया तेव्हाच डोकं वर काढतात.

पहिला आठवडा प्रश्नावली बाहेर काढूच नका. आशाताईंमागे फिरा. अहिराणीवर तिथे भागत नाही, त्यांच्याकडून पावरीतले, म्हणजे तिथल्या पावरा आदिवासींच्या बोलीतले, चार शब्द घ्या. अंगणवाडीत दंडघेर मोजायला शिका: डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी, हात सैल सोडलेला. पट्टी आवळली की बरं पोरही लाल पट्ट्यात जातं, ढिली राहिली की आजारी पोर हिरव्यात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण. मग नोंदवहीतला आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवा. फरक दिसला तर लगेच अंगणवाडीताईंवर बोट दाखवू नका. आधी त्यांची पट्टी बघा, कधीकधी ती ताणून लांबलेली असते.

विषय एकच घ्या आणि छोटा घ्या. "सातपुड्यातलं कुपोषण" हा विषय नाही. "या उपकेंद्रातून पोषण पुनर्वसन केंद्रात (तिथे कुपोषित मुलांना ठेवून उपचार करतात) पाठवलेली मुलं मुदतीआधी घरी का येतात" हा आहे. (बहुतेकदा आईची मजुरी बुडते आणि घरी धाकटं पोर असतं.) सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मग तपासणीचं कार्ड लग्न ठरवताना कुणी बघतं का, एवढंच विचारा.

शेवटी इंग्रजी अहवाल कॉलेजला द्या, आणि मराठीत एक पान करून वैद्यकीय अधिकाऱ्यांना नि आशाताईंना वाचून दाखवा. अनुभवाचं प्रमाणपत्र त्याच बैठकीत सही-शिक्क्यानिशी मागून घ्या; नंतर साहेबांची बदली होते.