जांभ्याच्या भिंतीत माणूस लपवताना

रत्नागिरीकडच्या घरी मावसभावाला जांभ्याच्या भिंतीसमोर उभं करून रंगवलं. चेहऱ्याला पाण्यानं निघणारा मेकअपचा रंग, पोस्टर कलर शर्टापुरता. नुसत्या डोळ्यांना झकास मिसळलेला दिसे, फोटोत मात्र कापून चिकटवल्यासारखा उठून येई. रंग जुळत होता, घोळ उन्हाचा होता. तिरप्या उन्हात सावली चिऱ्यांवर पडे आणि कपाळ चकाके. भिंत सावलीत येईपर्यंत थांबलो, कपाळावर टाल्कम पावडरीचा हात फिरवला.

खरी मेख चिऱ्यांच्या सांध्यांची. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करून, स्क्रीनवर बघत भिंतीवरची रेघ शर्टावर ओढायची. कॅमेरा वीतभर सरकला तरी रेघ तुटते. म्हणून रंगवणारा एक आणि ‘अजून खाली, अजून खाली’ ओरडणारा दुसरा हवाच. लिऊ बोलिन हा चिनी कलाकार २००५ पासून स्वतःला असाच भिंतींत मिसळवतोय. त्यालाही मदतनीसच रंगवतात. आम्ही अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/११ इतकं बारीक ठेवलं, म्हणजे नाक आणि भिंत दोन्ही स्पष्ट.

केसांना पठ्ठ्यानं हात लावू दिला नाही. मग जुनी टोपी रंगवून घातली.